प्रत्येक बाणाखाली एक 'जर'

कोकणातल्या जुन्या वाडीला जांभ्याचा गडगा असतो. चिऱ्यावर चिरा रचलेला, मध्ये चुना नाही की सिमेंट नाही. दगडाच्या भारावर दगड उभा. आंजर्ल्यात माड-पोफळींच्या वाड्यांभोवती, पाखाड्यांच्या कडेने, कड्यावरच्या गणपतीकडे चढणाऱ्या वाटांवर असे गडगे अजून पुष्कळ आहेत. जांभा सच्छिद्र दगड. पावसाळ्यात तो पाणी शोषून धरतो आणि दोन सरींच्या मधल्या उघडिपीतही आतून ओला राहतो. दापोलीच्या या पट्ट्यात वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. दगड असा आणि पाऊस असा, त्यामुळे मॉस आणि लिव्हरवर्ट या वनस्पतींना इथे बस्तान बसवायला दुसरं काही लागत नाही. गावात या सगळ्या हिरव्याला शेवाळच म्हणतात.

मी या गावात राहते आणि तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. नववी-दहावीला विज्ञान, अकरावी-बारावीला जीवशास्त्र. नववीच्या वर्गीकरणात ब्रायोफायटा हा गट येतो. या वनस्पतींना वनस्पतिसृष्टीचे उभयचर म्हणतात, कारण त्या जमिनीवर वाढतात, पण प्रजननासाठी त्यांना पाणी लागतं. खरी मुळं नाहीत, मुळांसारखे मूलाभ आहेत. फुलं नाहीत, बिया नाहीत. पुढे अकरावीत जीवनचक्र येतं. बीजाणू, त्यातून रोप, रोपावर नर आणि मादी अवयव, मीलन, युग्मनज, बीजाणुधानी आणि परत बीजाणू. एक गोल, त्यावर बाण. मुलं ती आकृती सुबक काढतात, नावं देतात, पूर्ण गुण मिळवतात.

ही आकृती वर्षानुवर्षं फळ्यावर काढताना आणि घराजवळच्या गडग्यावर तेच सगळं घडताना बघत असताना माझं एक मत पक्कं होत गेलं. आकृतीतला बाण ठाम असतो. गडग्यावर तसं नाही. तिथे प्रत्येक बाणाखाली एक 'जर' आहे. जर पाणी पोचलं, जर जवळ नर असला, जर ऊन पडलं, जर सावली टिकली. तो 'जर' काढून टाकला की जीवनचक्र पाठ करायची गोष्ट होते. तो ठेवला की या एवढ्याशा वनस्पतीने कोट्यवधी वर्षं कशी काढली ते समजायला लागतं. म्हणून मी हा धडा एका तासिकेत उरकत नाही. मृगापासून शिमग्यापर्यंत, जमेल तेव्हा, एकाच गडग्याकडे मुलांना घेऊन जाते.

मृग लागून गडगा ओला राहायला लागला की आधी चिऱ्यांवर काळपट-हिरवा बुळबुळीत थर येतो. तो बहुतेक निळ्या-हिरव्या शैवालाचा असतो. पाखाडीवर पाय घसरतो तो मुख्यतः या थराने. आर्द्रा-पुनर्वसूत चिऱ्यांच्या खाचांत वेगळा, स्वच्छ हिरवा रंग उमटतो. भिंग लावलं तर बारीक तंतू दिसतात, पेशीमागे पेशी जोडलेले, फाटे फुटत जाणारे. हा प्रोटोनेमा. मॉसचा बीजाणू रुजला की थेट रोप येत नाही, आधी ही तंतूंची जाळी पसरते. मग तंतूंवर ठिकठिकाणी कळ्या धरतात आणि एकेका कळीतून एकेक पानाळ रोप उभं राहतं. म्हणजे एका बीजाणूतून एक रोप नव्हे, रोपांचा अख्खा झुबका येतो. ही गोष्ट मुलं सहसा वाचून सोडून देतात. पण पुढचा सगळा हिशोब तिच्यावर अवलंबून आहे, म्हणून मी तिथे थांबते.

आपल्या शरीरातल्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. मॉसच्या पानाळ रोपात एकच संच असतो. आपण गडग्यावर ज्याला मॉस म्हणतो ते रोप एकगुणित असतं. त्याचं काम नर आणि मादी युग्मकं तयार करणं. आता, मॉसच्या पुष्कळ जातींत नर रोप वेगळं आणि मादी रोप वेगळं असतं. आमच्या गडग्यावर आणि विहिरीच्या काठाच्या मातीत ब्रायम नावाचं मॉस भरपूर येतं. त्याच्या अनेक जाती अशाच आहेत. एका बीजाणूतून आलेला झुबका मग सगळाच नर किंवा सगळाच मादी निघतो. शेजारी दुसऱ्या बीजाणूतून आलेला वेगळ्या लिंगाचा झुबका नसला, तर हा झुबका कितीही हिरवागार झाला तरी त्याला बीजाणुधानी येणार नाही. हा पहिला मोठा 'जर'.

श्रावणात आम्ही नर झुबके शोधतो. रोपाच्या टोकाशी पानांचा पसरट घेर असतो आणि मधोमध लालसर-पिवळा गोल दिसतो. तो गोल पुंधानींचा, म्हणजे नर युग्मकं बनवणाऱ्या पिशव्यांचा. चिमट्याने एक टोक काढून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. पिकलेली पुंधानी असेल तर थोड्या वेळाने तिचं तोंड उघडतं आणि आतलं सगळं एका ढगासारखं पाण्यात सुटतं. नर युग्मकाला दोन कशाभिका असतात. आमच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकात त्या दिसत नाहीत, पण त्या ढगाची वळवळ नक्की दिसते. ज्या मुलाने एकदा ती पाहिली त्याला 'प्रजननासाठी पाणी आवश्यक' हे वाक्य पुन्हा पाठ करावं लागत नाही.

मादी रोपाच्या टोकाशी लांब मानेची स्त्रीधानी असते. तळाशी एकच अंडपेशी. अंडपेशी तयार झाली की मानेतल्या पेशी विरघळतात, वाट मोकळी होते आणि पाण्यात असे पदार्थ पाझरतात की नर युग्मक त्या रोखाने वळतं. पण त्याला मानेपर्यंत पोचायला पाण्याची अखंड पातळ पापुद्री लागते, आणि पोहून ते काही सेंटिमीटरच जाऊ शकतं. नर रोपाच्या टोकावर पावसाचा थेंब आदळला तर त्याच्या तुषारांबरोबर ते थोडं आणखी लांब उडतं. सर थांबली, ऊन आलं, पापुद्री तुटली की तिथे प्रवास संपतो. आमच्याकडे आषाढ-श्रावणात पागोळ्या थांबत नाहीत म्हणून हा बाण पुष्कळदा पुरा होतो. दुष्काळी मुलखातल्या मॉसला तशी संधी वर्षात थोडेच दिवस मिळते.

या टप्प्यावर मी मुलांना स्वीडनच्या लुंड विद्यापीठातला एक प्रयोग सांगते. निल्स क्रोनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी ब्रायमचेच नर आणि मादी झुबके घेतले. काही एकमेकांना चिकटवून ठेवले, काहींमध्ये दोन सेंटिमीटरचं अंतर ठेवलं, काहींमध्ये चारचं. जिथे अंतर होतं तिथे बीजाणुधानी आल्या नाहीत. मग त्यांनी त्यात मातीतले अतिसूक्ष्म प्राणी, उड्या मारणारे स्प्रिंगटेल आणि कोळ्यांच्या कुळातले माइट, सोडले. आता अंतर असलेल्या झुबक्यांनाही बीजाणुधानी आल्या. हे प्राणी नर युग्मकं अंगावर घेऊन फिरले होते. मधमाशी आणि फूल यांचं नातं जमायच्या फार आधीपासून मॉस आणि हे प्राणी जमिनीवर बरोबर राहत आले आहेत. आमच्या गडग्यावर चिरा उचलला की खालून पांढुरके स्प्रिंगटेल टणाटण उडतात. मुलांनी ते नेहमीच पाहिलेले असतात. प्रयोग सांगून झाल्यावर ती पुन्हा चिरा उचलून बघतात, आणि या वेळचं बघणं वेगळं असतं.

मीलन झालं की युग्मनज तयार होतो. त्यात गुणसूत्रांचे दोन संच. तो आईच्या अंगातच वाढायला लागतो. त्याचा पाय आईच्या टोकात रुततो, वर दांडा चढतो, दांड्याच्या शेवटी बीजाणुधानी धरते. कोवळेपणी हा दांडा हिरवा असतो, थोडं अन्न स्वतः करतो, पण पाणी आणि क्षार आईकडून घेतो. आईपासून सुटून तो कधीच स्वतंत्र जगत नाही. म्हणजे गडग्यावरच्या झुबक्यात आपल्याला दोन पिढ्या एकत्र दिसत असतात. खाली पानाळ आई आणि तिच्या माथ्यावर दांडा झालेलं मूल.

कोवळ्या बीजाणुधानीच्या टोकावर एक पातळ, टोकदार आवरण असतं. ते मुलाचं नसतं, आईचं असतं. स्त्रीधानीची भिंत मुलाच्या वाढीबरोबर ताणली जाते, फाटते आणि तिचा वरचा भाग मुलाच्या डोक्यावर टोपऱ्यासारखा राहतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी फ्युनारिया या मॉसवर केलेलं काम २०१३ मध्ये छापून आलं. या आवरणावरचा मेणचट थर काढला आणि झाडाला कोरडं पडू दिलं, तर मुलाची वाढ खुंटते, बीजाणू कमी होतात, असं त्यात दिसलं. बाळंतिणीच्या घरात कान-डोकं झाकायची जी धडपड असते तिच्याशी परिचित असलेल्या आमच्या मुलींना हा भाग सांगावा लागत नाही, दाखवावा लागतो. सुईच्या टोकाने ते आवरण अलगद उचललं की खाली हिरवी, नाजूक बीजाणुधानी दिसते. मी प्रत्येक तुकडीला हे एकाच रोपावर करू देते. बाकीची तशीच राहिलेली बरी.

हे सगळं माणसाला कसं कळलं, तेही मी सांगते, कारण त्यात बघण्याच्या चिकाटीचा भाग मोठा आहे. मॉसचे नर आणि मादी अवयव नीट ओळखून १७८२ मध्ये मांडले ते योहान हेडविग या वैद्याने. दवाखाना सांभाळून सूक्ष्मदर्शकाखाली मॉस बघत राहणं हा त्याचा नेम. पुढे १८५१ मध्ये विल्हेल्म होफमाइस्टरने युग्मकं बनवणारी आणि बीजाणू बनवणारी अशा दोन पिढ्यांचं एकांतरण दाखवून दिलं. मॉस, लिव्हरवर्ट, नेचे आणि बीजधारी झाडं एकाच सूत्रात बसतात, असं त्याने सिद्ध केलं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. विद्यापीठाची पदवी नव्हती, नजर अधू होती, आणि लायप्झिगला वडिलांच्या संगीत-पुस्तकांच्या धंद्यात काम करत होता. आपल्याकडे लाहोरच्या शिवराम कश्यप यांनी पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या लिव्हरवर्टवर १९२९ आणि १९३२ अशा दोन खंडांत ग्रंथ लिहिला. पुणे विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेले त्र्यं. शं. महाबळे यांनीही १९४० च्या दशकात एका लिव्हरवर्टच्या रचनेवर आणि जीवनचक्रावर लिहिलं. आपल्या पायाखालच्या हिरव्याकडे आयुष्याचा काही भाग देणारी माणसं मराठी मुलखातही होऊन गेली, हे मुलांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

गणपती उठतात, हस्त संपत येतो आणि उन्हं खरपूस होतात. ब्रायमच्या बीजाणुधानी आता तपकिरी होऊन दांड्यावरून खाली मान घालतात. आवरण गळून गेलेलं असतं. टोकाला एक चिमुकलं झाकण असतं, तेही पडतं. त्या उघड्या तोंडाशी दात्यांच्या दोन ओळी असतात. बाहेरच्या ओळीत सोळा दाते. याच दात्यांसाठी मी वर्षभर वाट बघते. बीजाणुधानी काचपट्टीवर कोरडीच ठेवायची, वरून उजेड द्यायचा, कमी भिंगाने बघायचं. दाते बाहेर वळलेले, तोंड उघडं. मग एका मुलाने जवळून हलकेच श्वास सोडायचा. श्वासातल्या दमट हवेने दाते आत वळतात, तोंड मिटतं. थोडं थांबलं की हवा सुकते, दाते पुन्हा बाहेर वळतात, आणि वळताना आतले बीजाणू उसळून बाहेर पडतात. या दात्यांत जिवंत पेशी राहिलेली नसते. दात्याचा आतला आणि बाहेरचा थर पाणी वेगवेगळ्या प्रमाणात शोषतो, एक बाजू जास्त फुगते, म्हणून दाता वाकतो. एवढंच यंत्र. गेल्या वर्षी एक मुलगी सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून म्हणाली, "मॅडम, हे माझ्या श्वासाने हललं." मग बाकीची सगळी रांगेत.

इथे 'जर' उलटा होतो, आणि हे मला या जीवनचक्राचं मर्म वाटतं. मीलनाला पाणी हवं, प्रसाराला कोरडी हवा हवी. पावसात बीजाणू सुटले तर तिथेच गडग्यावर चिकटून बसतील. कोरड्या वाऱ्यावर सुटले तर लांब जातील, कारण एक बीजाणू साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. ज्या वनस्पतीला आपण पाण्याची मिंधी म्हणतो तिला वर्षाच्या ठरलेल्या वेळी उन्हाचीही तेवढीच गरज आहे. कोकणात पाऊस लांबला की भाताचं जे होतं, त्याची काळजी सगळे करतात. दात्यांची तोंडं मिटून बसलेल्या बीजाणुधानींचंही तेव्हा काम अडलेलं असतं.

लिव्हरवर्टची तऱ्हा वेगळी. पुस्तकात मार्कंशियाचं चित्र असतं. आमच्या गडग्यावर मला ती भेटलेली नाही. इथे भेटतो तो सायथोडियम. जुन्या विहिरीच्या आतल्या भिंतीवर, गडग्याच्या चिऱ्यांमधल्या पोकळीत, थेट ऊन न येणाऱ्या जागी तो पातळ पापुद्र्यासारखा पसरतो. विहिरीत वाकून बघितलं तर सोनेरी-हिरवी चमक दिसते. हा त्याचा स्वतःचा उजेड नव्हे. आत पोचलेला थोडाथोडका उजेड त्याच्या पेशींतून परत फिरतो. एवढ्या कमी उजेडावर जगायची सोय असलेल्या या झाडाला ऊन मात्र सोसत नाही. पाऊस सरत आला की सायथोडियम ट्यूबरोसम या जातीला टोकांशी बारीक गाठी धरतात. वरचं सगळं वाळून नाहीसं होतं, गाठी मातीत राहतात, पुढल्या मृगाला त्यांतून नवं अंग फुटतं. नर-मादी, मीलन, बीजाणू हे सगळं जमलं तर आहेच, नाही जमलं तर ही गाठ आहे.

वाटेकडेच्या उघड्या मातीत आणि भाताच्या बांधावर रिक्सिया येते, नाण्याएवढ्या चकत्यांची, प्रत्येक फाटा दोन फाट्यांत दुभंगत गेलेला. हिच्या बीजाणुधानीला दांडा नाही, दाते नाहीत, झाकण नाही. बीजाणुधानी आईच्या अंगातच पुरलेली असते. भाद्रपदानंतर चकतीवर काळे ठिपके दिसतात ते तेच. आईचं अंग वाळून कुजल्याशिवाय बीजाणू मोकळे होत नाहीत. मॉसने बीजाणू उडवायला केवढी रचना उभी केली आणि रिक्सियाने काहीच केली नाही, दोघीही टिकल्या. प्रगत आणि अप्रगत हे शब्द मुलांच्या वहीत सर्रास येतात. रिक्सिया हातात दिल्यावर मी त्यांना ते शब्द जपून वापरायला सांगते.

मीलनाशिवाय वाढायची वाट मॉसकडेही आहे. आंजर्ल्याच्या उन्हातल्या गडग्यांवर सगळ्यांत जास्त दिसणारं मॉस हायोफिला. त्याच्या कित्येक झुबक्यांना वर्षानुवर्षं बीजाणुधानी दिसत नाही. पण पानांच्या बेचक्यांत अनेक पेशींच्या बारीक मुकुलिका धरतात. पाण्याबरोबर त्या वाहतात, दुसऱ्या चिऱ्याला लागतात आणि त्यांतून रोप येतं. मार्कंशियाच्या मुकुलिका तर पेल्यासारख्या अवयवात बसलेल्या असतात आणि त्यात पडलेला पावसाचा थेंब त्यांना मीटरभरापर्यंत उडवतो. मुलांच्या आकृतीत ही वाट बहुधा गोलाबाहेर, एका बारीक बाणाने दाखवलेली असते. आमच्या गडग्यावर हाच बाण रुंद आहे. बाकीचे 'जर' फसले तरी गडगा हिरवा होतो तो या वाटेमुळे. त्यातून निघालेली रोपं आईची हुबेहूब नक्कल असतात. नवी जुळणी मीलनातूनच येते, त्यामुळे दोन्ही वाटा लागतात.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं. आंजर्लं, केळशी, आडे, मुरूड, हर्णै, हा सगळा किनारा त्याच्या माऱ्यात आला. वाड्यांतल्या पोफळी आणि माड आडवे झाले, आंबा-फणसाची जुनी झाडं मुळासकट उपटली गेली, घरांवरची कौलं आणि पत्रे उडाले. पिढ्यांनी लावलेली बाग एका दुपारी गेली. त्या पावसाळ्यात करोनामुळे शाळा बंद होत्या. घर सावरता सावरता गडग्याकडे लक्ष जायचंच. सावली गेल्यावर काय होतं ते मी तेव्हा बघितलं. पोफळींच्या गर्द सावलीतल्या ज्या गडग्याच्या खाचांत सायथोडियम ठरलेला असायचा, तिथे उघडिपीचं ऊन थेट पोचत होतं. तो तिथे दिसेनासा झाला. हायोफिला मात्र वाढली. त्याच वेळी, उपटलेल्या झाडांच्या मुळांनी जी लाल माती वर काढली होती ती पाऊस लागताच हिरवी होऊ लागली. आधी प्रोटोनेमाचे तंतू, मग मॉसची रोपं, रिक्सियाच्या चकत्या. सैल मातीवर मूलाभांची पकड बसली, वरचा थर वाहून जायचा जरा थांबला. पुढच्या पावसाळ्यांत त्याच जागी गवत आलं आणि मॉस मागे हटलं. उघडी पडलेली जमीन पहिल्यांदा कोण सांभाळतं, याचं उत्तर त्या वर्षी वाडीतच मिळालं. वाड्यांत पुन्हा लागवड झाली आहे. पोफळी उंच होऊन सावली धरायला लागल्या की सायथोडियम परत येतो का, ते मी आणि माझे विद्यार्थी बघत आहोत. बीजाणू किंवा गाठी जवळच्या विहिरीत असतील, तर येईल.

होळीच्या सुमारास, किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला लोक गावात येतात तेव्हा, गडगे पुन्हा विटकरी-काळे झालेले असतात. मॉस मेलं असं मुलं म्हणतात. हायोफिलाची पानं आतल्या बाजूला गुंडाळलेली, झुबका करपल्यासारखा. मी एका मुलाला त्याच्या बाटलीतलं पाणी त्यावर हळूहळू ओतायला सांगते. बघता बघता पानं उलगडतात, हिरवी होतात. मॉसचं पान बहुतांश एका पेशीच्या जाडीचं असतं. पाणी आत घ्यायला त्याला मुळांची वाट लागत नाही, आणि हवा कोरडी झाली की ते पाणी धरूनही ठेवता येत नाही. म्हणून त्याने दुसरा मार्ग घेतला. पेशींचं नुकसान होऊ न देता पूर्ण कोरडं व्हायचं, काम थांबवायचं आणि पाणी मिळताच काम सुरू करायचं. आपल्याला पाणी रोज लागतं, त्याला मिळेल तेव्हा चालतं. अंटार्क्टिकाजवळच्या साइनी बेटावर दीड हजार वर्षांपेक्षा जास्त काळ गोठलेल्या मॉसमधून पुन्हा कोंब फुटले, असं ब्रिटिश शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवलं. आठ महिने कोरडा राहणारा आमचा गडगा त्यामानाने सुसह्यच म्हणायचा.

एवढं बघून झाल्यावर मी आकृती काढायला सांगते. गोल तोच, बाण तेच. मात्र प्रत्येक बाणाखाली तो कशावर अवलंबून आहे ते लिहायचं, आणि तो बाण तुटला तर झाड काय करतं तेही लिहायचं. बीजाणू ते प्रोटोनेमा: जर ओल सलग राहिली. नर ते मादी: जर शेजारी दुसरा झुबका असला आणि पाण्याची पापुद्री किंवा अंगावर बसवून नेणारा प्राणी मिळाला. बीजाणुधानी ते बीजाणू: जर कोरडं ऊन पडलं. नाही तर मुकुलिका, नाही तर गाठ, नाही तर वाळून थांबणं. परीक्षेत याला जादा गुण नाहीत. तरीही मी हे करून घेते, कारण जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलाला जगण्यातली ही अनिश्चितता आणि तिच्यासाठी केलेली तजवीज दिसली पाहिजे. नुसता गोल दिसला तर निसर्ग आपोआप चालतो असं त्याला वाटेल, आणि मग त्यातलं काही मोडताना त्याचा हात थांबणार नाही.

गावात आता गडगे काढून सिमेंटच्या भिंती घालायचं प्रमाण वाढलं आहे. घरच्या माणसांना त्यात सोय दिसते, आणि ती खरीही आहे. गडग्यात साप-विंचू राहतो, डुकरं चिरे पाडतात, दरवर्षी डागडुजी लागते. सिमेंटच्या भिंतीवरही काही वर्षांनी हायोफिला येते, तिला तेवढं पुरतं. पण चिऱ्यांमधल्या ओल्या, अंधाऱ्या पोकळ्या सिमेंटच्या भिंतीत नसतात. सायथोडियम, स्प्रिंगटेल आणि सावलीतलं मॉस यांची सोय त्या पोकळ्यांत आहे. म्हणून माझं सांगणं साधं आहे. पाखाडीच्या पायऱ्या आणि विहिरीचा काठ खरवडून जरूर साफ ठेवा, तिथे माणसं घसरून पडतात. गडग्याची उभी बाजू मात्र खरवडू नका आणि तिच्यावर ब्लीचिंग पावडर मारू नका. तिथे कोणी पाय ठेवत नाही. भिंत घालायचीच असेल तर वाडीच्या सावलीतली एक बाजू गडग्याची ठेवा. माझ्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी घरी हे बोलून दाखवलं आणि दोन वाड्यांच्या मागच्या बाजू तशाच राहिल्या. तिथला गडगा आता आमच्या वर्गाचा आहे, आणि येत्या मृगाला नववीची नवी तुकडी तिथून सुरुवात करेल.